टार्गेट लावा, पण आकड्याचं नको, कपाटांचं लावा

डिसेंबर संपत आला की वाचणाऱ्या लोकांत दरवर्षी तोच वाद पेटतो. एकीकडे वर्षभरात ५० वाचली, १०० वाचली म्हणून याद्या टाकणारे, दुसरीकडे "वाचन म्हणजे काय जिमचा वर्कआऊट आहे का" म्हणत त्यांच्यावर तुटून पडणारे. आणि या भांडणात एक वेगळीच गोष्ट विनाकारण भरडली जाते, ती म्हणजे लायब्ररीच्या वर्गीकरणाप्रमाणे ठरवून वाचणं. म्हणजे ड्यूईच्या दशांश पद्धतीतले जे दहा मुख्य वर्ग आहेत, ००० मध्ये कॉम्प्युटर आणि संदर्भग्रंथ, १०० तत्त्वज्ञान-मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान (यातच वैद्यक, शेती आणि स्वयंपाक), ७०० कला-खेळ, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल, त्या प्रत्येकातलं निदान एक पुस्तक हातात घ्यायचं. हे सुद्धा "टार्गेट" म्हणून विरोधक सरसकट झोडपतात, आणि समर्थक त्याचा चौकोनांचा तक्ता करून टिक मारत बसतात. मला वाटतं दोघंही चुकीच्या जागी भांडतायत. माझं म्हणणं सरळ आहे. पुस्तकांच्या संख्येचं टार्गेट बिनकामाचं आहे, पण वर्गवार लक्ष्य प्रत्येक वाचणाऱ्याने एकदा तरी ठेवावं, कारण आपली आवड कुठे आणि कुणामुळे अडकलीय हे त्याशिवाय कळत नाही, आणि आपल्या भाषेतलं कुठलं कपाट रिकामं आहे तेही कळत नाही.

विरोधकांचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, की आवड ही आतून उगवते, तिला मोकळं सोडलं की ती आपोआप योग्य पुस्तकापर्यंत जाते. खरंच जाते? आपल्याकडे वाचनाची आवड लागते ती बहुतेक शाळेच्या मराठीच्या पुस्तकातून, म्हणजे कथा, कविता, एखादा आत्मचरित्रातला उतारा. पुढे गावातल्या वाचनालयात नाव घातलं जातं. बऱ्याच जुन्या वाचनालयांत आजही काउंटर आहे, काउंटरमागे काचेची कपाटं आहेत, त्यांना कुलूप आहे, आणि सभासदाने आत जायचं नसतं. मग माणूस काय करतो, काउंटरवर कोपर टेकवून विचारतो "नवीन काय आलंय?" आणि आतले काका सकाळीच परत आलेल्या गठ्ठ्यातली वरची कादंबरी पुढे सरकवतात. ती नेली, आवडली, त्याच लेखकाची दुसरी नेली, आणि अशी वीस वर्षं गेली की माणूस सांगतो "मला ललितच आवडतं." भूगर्भशास्त्र आवडत नाही असं कधी ठरलं? कायद्याचा इतिहास कंटाळवाणा आहे हे कुणी तपासलं? ते कधी त्या गठ्ठ्यात वर आलंच नाही. आता काउंटरच्या जागी मोबाईल आलाय एवढाच फरक, तोही मागच्यासारखंच पुढचं सुचवतो, वर आपल्याला वाटतं आपण निवडलं. बहुतेक मराठी वाचकांचं वाचन वर्गीकरणाच्या भाषेत सांगायचं तर ८०० मध्ये मराठी साहित्य, ९२० मध्ये चरित्रं आणि फार तर १५८, म्हणजे यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं, एवढ्यात फिरतं. शेतात वर्षानुवर्षं एकच पीक घेतलं की जमिनीचा कस जातो म्हणून फेरपालट करतात, त्याला कुणी शेतीतला आनंद घालवणं म्हणत नाही.

हा मराठी वाचकाचा मूळ स्वभाव आहे असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मराठीतलं पहिलं मासिक काढलं, त्यात काय होतं? पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, इतिहास. लोकहितवादी १८४८ पासून पत्रं लिहून लोकांना सांगत होते की जगात काय चाललंय, राज्य कसं चालतं, व्यापार कसा होतो हे वाचा. जोतिरावांनी तरुणपणी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं लिखाण वाचलं, त्या वाचनाचे परिणाम महाराष्ट्र आजवर बघतोय. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला, संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं, जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आणि केतकरांनी १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले तेव्हा वर्गणीदार मिळवायला ते स्वतः गावोगाव हिंडले, आणि ते मिळाले! त्या काळी साक्षर किती कमी होते याचा विचार करा. म्हणजे सगळ्या विषयांची भूक या भाषेत होती. ती आपण मधल्या काळात कुठेतरी इंग्रजीकडे सोपवून दिली आणि मराठीकडे फक्त रडणं-हसणं ठेवलं.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि त्यात खरं बरंच आहे. पहिलं म्हणजे टिक मारण्यासाठी वाचलेलं पुस्तक डोक्यात राहत नाही. चौकोन भरायचा म्हणून ५०० मधलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधायचं, शेवटच्या आठवड्यात ते चाळायचं, फोटो टाकायचा, हे वाचन नव्हेच. मान्य. पण हा दोष आकड्याचा आहे, पन्नास पुस्तकांच्या चॅलेंजमध्ये तो दुप्पट आहे, कारण तिथे पातळ आणि ओळखीचं पुस्तक घेण्याचाच फायदा असतो. वर्गवार लक्ष्य निदान अनोळखी कपाटापर्यंत तरी पाय नेतं. आणि आनंदाचं म्हणाल तर तो बऱ्याचदा ओळख झाल्यावरच येतो. शास्त्रीय संगीत पहिल्या बैठकीत किती जणांना आवडलं? तरी कुणीतरी हाताला धरून दुसऱ्या बैठकीला नेलं म्हणून कान तयार झाला ना. मग पुस्तकाच्या बाबतीतच पहिल्या दहा पानांत आनंद झाला नाही तर तो विषय आपला नाही असा निकाल का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो घेणारे लोक अभ्यास करून बोलतात. ड्यूईची पद्धत तटस्थ नाहीये. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या अॅमहर्स्ट कॉलेजात काम करणाऱ्या पंचविशीतल्या मेल्विल ड्यूईने ४४ पानांची पुस्तिका छापली, त्यात त्याचं जग जसंच्या तसं उतरलं. २०० या धर्माच्या वर्गात बायबल आणि ख्रिस्ती धर्माने जवळजवळ सगळी जागा खाल्लीय, बाकीच्या सगळ्या जगाचे धर्म २९० मध्ये कोंबलेत, हिंदू, बौद्ध, जैन तर २९४ च्या दशांश चिन्हापुढे. साहित्यात अमेरिकेला ८१०, इंग्लंडला ८२०, जर्मन, फ्रेंच सगळ्यांना स्वतःचा मजला आणि ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचं मराठी ८९१.४६ या कोपऱ्यात. माणूस म्हणूनही ड्यूई काही आदर्श नव्हता, ज्यूंना प्रवेश नाकारणारा क्लब त्याने चालवला, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचं नाव काढून टाकलं ते उगीच नाही. मग अशा माणसाच्या चौकटीत आपण आपलं वाचन का बसवायचं?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर कपाटांकडे पाठ फिरवणं हे नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून डोरोथी पोर्टर नावाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांना दिसलं की कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तकं, मग ती कविता असो की वैद्यक, ड्यूई वापरणाऱ्या लायब्ररीत दोनच आकड्यांखाली जातात, ३२५ म्हणजे वसाहती आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. त्यांनी काय केलं? वर्गीकरणाचा नाद सोडला? नाही, त्यांनी कवीला काव्यात नेलं, डॉक्टरला वैद्यकात नेलं, इतिहासकाराला इतिहासात नेलं. चौकटीतला अन्याय त्यांना दिसला तो चौकटीत उभं राहून एकेक आकडा तपासल्यामुळे. आपल्याकडेही रंगनाथन होते, मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल, मूळचे गणिताचे मास्तर. ड्यूईची पद्धत अपुरी वाटली म्हणून १९३३ मध्ये त्यांनी स्वतःची कोलन पद्धत मांडली, जिच्यात पुस्तक कुठल्या एका खणात टाकायचं हा प्रश्नच मागे पडतो आणि त्याचे पैलू कोणते, कुठल्या जागेबद्दल, कुठल्या काळाबद्दल हे विचारलं जातं. आणि चौदा विद्या चौसष्ट कला हे तरी काय होतं, तेही वर्गीकरणच, आणि त्यातल्या विद्यांची दारं कुणाला बंद होती हे आपल्याला माहीत आहे. निष्पाप वर्गीकरण जगात कुठेच नाही. म्हणून तर ते वापरायचं, डोळे उघडे ठेवून. ज्याने २०० मधून ठरवून एक पुस्तक शोधलं त्यालाच पहिल्यांदा कळतं की बुद्ध कुठल्या कोपऱ्यात बसवलाय.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जड वाटतो. सगळ्यातलं थोडं थोडं वाचून माणूस उथळ होतो, हा तो आक्षेप. चार विषयांची चार पुस्तकं वाचून कुठल्याही चर्चेत घुसणारे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत, त्यात अजून भर कशाला? एकाच विषयात खोल जा, असं हे लोक सांगतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण खोल जायचं म्हणजे नक्की कुठे जायचं?

साधा ऊस घ्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुणालाही वाटेल ऊस आपल्याला माहीत आहे. लागवड आणि वाण हे ६३३ मध्ये. गाळप आणि साखर ६६४ मध्ये. सहकार ३३४ मध्ये, म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० च्या सुमाराला उभा केलेला कारखाना समजून घ्यायचा तर शेतीच्या कपाटात शोधून उपयोग नाही. पाणी कुणाच्या वाट्याला किती हा प्रश्न ३३३ मध्ये. तोडीला येणाऱ्या टोळ्या, उचल, मुकादम हे ३३१ मध्ये, कामगारांच्या अर्थशास्त्रात. कारखान्यावरून आमदारकीला जाणारी वाट ३२४ मध्ये. आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत जो गदारोळ झाला, तो समजायला ६१८ मध्ये, स्त्रीरोगांच्या कपाटाशी जावं लागतं. वर याच माणसांच्या कथा-कविता ८९१.४६ मध्ये. आता सांगा, "मी फक्त शेतीवरच वाचतो, खोल वाचतो" असं म्हणणाऱ्याला ऊस किती कळला? आणि "मी फक्त ग्रामीण साहित्य वाचते" म्हणणारीला? ऊस एकच आहे, कपाटं आठ आहेत, आणि वर्गीकरणाने तो तोडलाय हे खरं असलं तरी त्यामुळेच आपण त्याच्या कुठल्या बाजूला कधी गेलोच नाही ते आकड्यानिशी दाखवता येतं. खोली हवी असेल तर कपाटं ओलांडावीच लागतात.

बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी, गोव्यात जन्मलेले, पेशाने गणिती. जुन्या नाण्यांची वजनं घेऊन त्यांनी संख्याशास्त्र लावलं, किती काळ चलनात राहून नाणं किती झिजलं ते काढलं. नाणी ७३७, संख्याशास्त्र ५१९, प्राचीन भारताचा इतिहास ९३४. तीन वर्गांची तीन टोकं, आणि ती एकत्र आली म्हणून प्राचीन भारताकडे बघायची नवी रीत मिळाली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी फिरून त्यांनी दगडी हत्यारं शोधली आणि भर्तृहरी या संस्कृत कवीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही सिद्ध केली. त्यांना उथळ म्हणणार का? दुर्गाबाई भागवतांचंच बघा, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात त्यांची उभी हयात गेली आणि लोककथा, बौद्ध साहित्य, निसर्ग, स्वयंपाक या सगळ्यावर त्यांनी अधिकाराने लिहिलं.

बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण तर मला या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं. १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचे प्रत्येकी एक. (तिथले त्यांचे शिक्षक जॉन ड्यूई वेगळे आणि वर्गीकरणवाले मेल्विल ड्यूई वेगळे, बरेच जण घोळ करतात.) ही यादी नीट बघा. एका विषयात ठाण मांडलंय आणि भोवतीच्या विषयांत जाणूनबुजून, कमी-जास्त प्रमाणात फेऱ्या मारल्यात. वर्गवार लक्ष्य ठेवायचं तर असं ठेवावं. प्रत्येक वर्गातलं एकेक पुस्तक उचलून टिक मारणं यात येत नाही, एका वर्गात मुक्काम आणि बाकीच्यांत येणं-जाणं हे येतं. मुक्कामाच्या वर्गात पाच-सहा पुस्तकं, त्यातली दोन एकमेकांच्या विरोधात बोलणारी हवीत, कारण एकाच पुस्तकाने विषय कळतो ही समजूतच उथळपणाचं मूळ आहे.

उरला वेळेचा प्रश्न. लोकलमधून उभ्याने येणाऱ्या, घरी आल्यावर कुकर लावणाऱ्या बाईला दहा वर्गांचा तक्ता दाखवणं क्रूरपणा आहे, असं म्हणतात. तिला एका वर्षात दहा वर्ग करा असं कोण सांगतंय? एका वर्षी एक वर्ग घ्या, दहा वर्षं लागू द्या. पण तिच्याकडे वेळ कमी आहे म्हणून तिने फक्त विरंगुळ्याचंच वाचावं, हे जरा तपासून बघू या. भाडेकरार, पीएफ, थायरॉईड, मुलाचं गणित, सासऱ्यांचा स्मृतिभ्रंश, या सगळ्यावर तिला माहिती लागते आणि ती व्हॉट्सअॅपवर येईल ती घ्यावी लागते. ६१० आणि ३४० मधलं एकेक बरं मराठी पुस्तक तिच्या हाताशी असणं ही चैन आहे का? रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ज्याच्याकडे वेळ कमी त्यालाच तर नीट लावलेलं कपाट सगळ्यात जास्त लागतं.

आणि इथे हा प्रश्न एकेकट्या वाचकाचा राहत नाही. तुम्ही मराठीत वर्गवार लक्ष्य ठेवून बघा, साधारण ३०० पर्यंत गाडी बरी चालते, धर्म-तत्त्वज्ञान तर आपल्याकडे भरपूर, ७०० मध्ये संगीत-नाटकावर उत्तम पुस्तकं आहेत, ९०० मध्ये शिवकाळावर कपाट ओसंडतं. ५०० आणि ६०० ला आलात की अडखळता. म्हणजे लिहिणारे नाहीत असं नाही, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करतेय, नारळीकरांसारखा खगोलशास्त्रज्ञ आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला आणि साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, मराठी विश्वकोशात तर वाईला बसून शेकडो अभ्यासकांनी सगळी शास्त्रं मराठीत आणली. पण गावातल्या वाचनालयात जाऊन दख्खनच्या काळ्या खडकावर, मधुमेहावर किंवा भारतीय करपद्धतीवर गेल्या दहा वर्षांतलं मराठी पुस्तक मागा, बहुतेक ठिकाणी काय उत्तर येतं ते मागणाऱ्याला माहीत आहे. "मागतं कोण?" आणि ते उत्तर खोटंही नाही. ८०० सोडून दुसरं काही मागायचं असतं हेच वाचकाला कधी वाटलं नाही तर मागणी येणार कुठून, मागणी नाही म्हणून खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून प्रकाशक छापत नाही, छापत नाही म्हणून लिहिणारा इंग्रजीत लिहितो किंवा लिहीतच नाही. या चक्राला वाचकाने कुठून हात घालायचा? माझ्या मते मागणीपासून, कारण तेवढंच आपल्या हातात आहे.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत, त्याप्रमाणे अनुदान मिळतं, आणि दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते. संख्या मोजायलाच हवी, पण नुसत्या संख्येने काय होतं ते पन्नास पुस्तकांच्या चॅलेंजमध्ये आपण पाहिलंच. भिलारला पुस्तकांचं गाव २०१७ मध्ये सुरू झालं तिथे एकेका घरात एकेका प्रकारची पुस्तकं ठेवलीत, एका घरात कविता, दुसरीकडे इतिहास, आणि लोक घरांमधून फिरत फिरत जातात. मला ती रचना फार आवडते कारण न ठरवता माणूस अनोळखी उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो. प्रत्येक गावाला भिलार होता येणार नाही. पण कपाटाचं कुलूप काढणं, निदान आठवड्यातून एक दिवस सभासदांना आत सोडणं, याला अनुदान लागत नाही. पुस्तकं वापरासाठी असतात हा रंगनाथनांचा पहिलाच नियम, आणि मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने बांधून ठेवत ते आपण आश्चर्याने वाचतो, तर आपल्या काचेच्या कपाटांकडे कधी बघणार?

म्हणून यंदा लक्ष्य ठेवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की यादी सोशल मीडियावर टाकण्याआधी ती वाचनालयाच्या मागणी वहीत लिहा. कुठल्या वर्गातलं, कुठल्या विषयावरचं पुस्तक हवंय ते नावानिशी, नाव माहीत नसेल तर नुसता विषय, खाली सही आणि तारीख. दर महिन्याला एक. आणि बहुतेक वाचनालयं नोंदणीकृत संस्था आहेत, त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिला मोजके दहा-बारा सभासद आले तरी कामकाज उरकतं. त्या सभेला जा आणि एकच प्रश्न विचारा, गेल्या वर्षी घेतलेल्या पुस्तकांत आरोग्य किती, शेती किती, कायदा किती, विज्ञान किती. आकडे तयार नसतील तर पुढच्या अहवालात विभागवार खरेदी छापावी असा ठराव लेखी द्या, अनुमोदनाला शेजारचा सभासद घ्या, आणि तो इतिवृत्तात आलाय की नाही ते बघूनच घरी या.